उणे पाणी, तिरपं ऊन

उजनीवर काढलेला रोहिताचा फोटो कोणी समोर धरला, की माझी नजर चोचीकडे किंवा पंखांकडे जायच्या आधी पक्ष्याच्या पायांकडे जाते. पाणी पायांवर कुठवर चढलंय ते बघतो, मग मागचा काठ बघतो. काठाला हिरवं उभं असेल तर डिसेंबर-जानेवारी. चिखलाचा पट्टा रुंदावून त्याला भेगा गेल्या असतील तर होळी होऊन गेलेली. आणि मागे कुठे दगडी जोत्यांची ओळ दिसलीच, तर आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता हे वेगळं सांगावं लागत नाही. फोटोखाली मात्र एवढंच छापलेलं असतं: रोहित, भिगवण. मी दौंडचा स्टुडिओवाला. वडिलांनी टाकलेला स्टुडिओ पुढे चालवला, लग्नं, बारशी आणि पासपोर्ट साइजवर पोट भरलं, आणि उरलेल्या वेळात उरलेल्या फिल्मवर पक्षी काढले. त्यामुळे या पाण्याचा इतिहास मला दोन बाजूंनी माहीत आहे, दुकानाच्या काउंटरमागून आणि होडीतून.

आधी पाण्याचा हिशेब सांगतो, कारण त्याच्याशिवाय फोटोंचं काहीच कळणार नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण फुगवटा पार वर इंदापूर-दौंडपर्यंत पसरलेला. पलीकडच्या काठाला करमाळा आणि कर्जत. कागदोपत्री नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. धरण पूर्ण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, उपयुक्त साठा संपतो तो ४९१.०३ मीटरला. म्हणजे सगळा खेळ जेमतेम सहा मीटरांचा. खोऱ्यात डोंगर असते तर सहा मीटरांनी काठावर फारसा फरक पडला नसता. इथे जमीन सपाट. पाणी हातभर उतरलं की काठ कितीतरी मागे सरकतो आणि मध्ये गाळ उघडा पडतो. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे वीस', 'उणे तीस' अशा बातम्या येतात. बाहेरगावच्या माणसाला ते वाचून धरण कोरडं पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात उण्यातसुद्धा पाणी अफाट असतं. फक्त ते उथळ झालेलं असतं.

आणि रोहिताला नेमकं उथळच लागतं. चोच उलटी करून, जिभेनं पाणी आत-बाहेर खेचत तो गाळातले बारीक जीव गाळून खातो. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं तेव्हा त्याला उभं राहायलाही जागा नसते. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, पुढे उन्हाळी आवर्तनं सुटतात, काठावरच्या हजारो मोटारी ऊस भिजवायला पाणी उपसतात आणि पाणी उतरू लागतं. उसाला पाणी गेलं की इकडे रोहितांची पंगत बसते. शेतकरी मागे सरकलेल्या पाण्यामागे मोटारी आणि पाइप खाली नेतो, उघड्या गाळावर गाळपेर करतो, मका, कलिंगड लावतो. त्याच गाळाच्या पुढच्या कडेला रोहित उभे. ही सगळी व्यवस्था कोणी पक्ष्यांसाठी आखलेली नाही, हे फोटो बघताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

धरणाआधी या टापूत कॅमेरा आला तो पक्ष्यांसाठी नव्हे, पाण्याखाली जाणाऱ्या घरांसाठी. १९६० साली पुणे-सोलापूर लोहमार्गाला शंभर वर्षं झाली. त्या जुन्या मार्गावर भीमा ओलांडणारा डिकसळचा दगडी पूल होता. पाणी येणार म्हणून पुढे रेल्वेचा मार्ग हलवला आणि जुना पूल वाहनांसाठी राहिला. आज पहाटेच्या धुक्यात त्या पुलाच्या कमानी पक्ष्यांच्या मागे घ्यायला लोक धडपडतात. माझ्या लहानपणी मात्र दौंडहून पुढे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसायची ती नदी, तिच्या दोन्ही अंगांची मळई, आणि गावं.

सत्तरच्या दशकात वडिलांच्या स्टुडिओत इंदापूरकडची माणसं जास्त येऊ लागली. गावं धरणात जाणार होती, पुनर्वसनाच्या कागदांना फोटो लागत. ते काम झालं की तीच माणसं दारात रेंगाळायची. "अण्णा, घराचा येक फोटू निघंल का?" वडील याशिका ६३५ पिशवीत टाकून सायकलवर, कधी एसटीनं जायचे. सुट्टी असली की तिकाटणं माझ्या खांद्यावर. पहिल्यांदा लोक काय करत, तर अख्खं घरदार दारासमोर ओळीनं उभं राहायचं आणि फोटोत घर दिसायचंच नाही. मग वडील सगळ्यांना एका कडेला घ्यायचे. म्हातारीला तेवढी ओट्यावर बसवायचे.

उजेडाचं पहिलं शिक्षण मला तिथे मिळालं. घराचं तोंड उगवतीला असेल तर वडील सकाळी लवकर पोचायचे, मावळतीला असेल तर चारनंतर. दुपारी कधीच नाही. माळवदाच्या घराची भिंत पांढऱ्या मातीची. डोक्यावरच्या उन्हात ती सपाट पडते, पोत दिसत नाही, आणि दार काळं भोक होऊन बसतं. तिरप्या उन्हात त्याच भिंतीवरचे हाताचे फटकारेसुद्धा उठून येतात. एका गावात दोन्ही तोंडांची घरं असली तर आम्ही सकाळची कामं उरकून पारावर भाकरी खात ऊन कलण्याची वाट बघत बसायचो. शेवटी शेवटी गेलो तेव्हा घरांना चौकटी राहिल्या नव्हत्या. लोकांनी दारं, वासे, तुळया, देवळीचे घडीव दगडसुद्धा उतरवून नव्या जागी नेले होते. वडिलांनी त्या उघड्या भिंतींचेही फोटो काढले. पैसे कोणी द्यायचे, कोणी नाही.

याच काळात पक्ष्यांच्या फोटोग्राफीला जगात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाली होती, आणि तिचा बहुतेक सगळा इतिहास घरट्याभोवती फिरत होता. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशायरच्या भावांनी अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर फोटोंचं आख्खं पुस्तक काढलं. लपायला त्यांनी कातड्यात भुसा भरलेला पोकळ बैल बनवून घेतला होता. आत माणूस आणि कॅमेरा. एकदा आतल्या भावाला घेरी आली आणि बैल पाय वर करून उलटा झाला, तर दुसऱ्या भावानं त्याला बाहेर काढायच्या आधी त्याचा फोटो काढला. फोटोग्राफरची जात सगळीकडे सारखीच.

घरटंच का, याचं उत्तर कोणी पक्षीप्रेमात शोधू नये. ते काचेच्या प्लेटमध्ये होतं. त्या प्लेटला उजेड इतका लागायचा की उडता किंवा चालता पक्षी तिच्यावर पुसट रेघ होऊन उमटे. पक्षी नक्की कुठे येणार, किती अंतरावर येणार आणि क्षणभर स्थिर बसणार, हे आधी माहीत असण्याची एकच जागा होती. घरटं. मग फांद्या बांधून बाजूला करायच्या, ऊन आत येऊ द्यायचं, लपण रोज थोडं जवळ सरकवायचं. १९३७ साली एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराच्या डोळ्यावर घुबडानं घरट्याजवळ झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. लोक ही गोष्ट छायाचित्रकाराच्या शौर्यकथेसारखी सांगतात. घुबडाच्या बाजूनं बघितलं तर त्यात शौर्य घुबडाचं आहे.

आपल्याकडेही तीच रीत आली. सिंगापूरचा चित्रपटगृहांचा मालक लोक वान थो दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपान्यांच्या तोंडातून निसटला, वाटेत बोटीवर बॉम्ब पडून भाजला, आणि शेवटी मुंबईला येऊन सालिम अलींना भेटला. त्या ओळखीतून भारतातल्या पक्ष्यांचे काही अप्रतिम फोटो निघाले. कच्छ, काश्मीर, सिक्कीम अशा दौऱ्यांवर दोघं बरोबर असत. शिकारी पक्ष्यांच्या झाडावरच्या घरट्यांसाठी लोक वान थो उंच मनोरे उभारून घ्यायचा. १९५७ साली त्याचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे पुस्तक आलं. १९६४ साली तैवानात विमान अपघातात तो गेला. त्याचे फोटो मी पुण्याला एका ग्रंथालयात पहिल्यांदा पाहिले आणि बराच वेळ पान उलटलं नाही. तरी आज कोणी घरट्याजवळ लपण बांधायला निघाला तर मी त्याला सरळ मागे फिरायला सांगेन. त्यांच्याजवळ दुसरा इलाज नव्हता, आपल्याजवळ आहे.

उजनीवर हा घरट्याचा रस्ता मुळातच बंद होता. रोहित इथे वीण करत नाही. तो खायला येतो. कच्छच्या रणातली त्याची वसाहत सालिम अलींनी १९४५ साली जाऊन पाहिली होती. पट्टकदंब तर हिमालयापलीकडून येतो. इथे घरटं नाही, झाड नाही, आडोसा नाही. नुसतं पाणी आणि वर उघडं आभाळ. म्हणजे पक्षी लांबून, चालता-उडता, आहे त्या उजेडात काढायचा. ऐंशीच्या दशकातल्या सामानात हे जवळपास अशक्य होतं, आणि मी नेमका त्याच दशकात सुरुवात केली.

सामान काय होतं? रशियन झेनिट आणि पुण्याच्या एका मित्राकडून उसना आणलेला 'फोटोस्नायपर' संच. तीनशे मिलिमीटरची ताइर लेन्स, एफ ४.५, आणि खाली चक्क बंदुकीचा दस्ता. खांद्याला लावून खटका दाबायचा. एसटीत तो न्यायचा म्हणजे खुलासे देत बसायचं. काठावरच्या पोरांनी मला पहिल्या वर्षी शिकारीच समजलं. फिल्म पूर्व जर्मनीची ओर्वो, कारण तिच्याशी रुपयात व्यवहार चालायचा म्हणून ती मिळायची. एनपी-२० म्हणजे ८० एएसए, एनपी-२२ म्हणजे १२५, एनपी-२७ म्हणजे ४००, पण तिचे दाणे वाळूसारखे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदूही चालायची. रंगीत पाहिजे असेल तर ओर्वोची यूटी-१८ ट्रान्सपरन्सी, ५० एएसए. लग्नाच्या रिळात चार फ्रेम उरल्या की त्या पाण्यावर नेऊन संपवायच्या.

आता यातली अडचण बघा. स्वच्छ उन्हात ५० एएसएच्या फिल्मला एफ ५.६ वर साधारण चारशेव्या सेकंदाचा वेग मिळतो. उडत्या रोहितासाठी तोही कमीच, पण भागवता येतं. सूर्य नुकता उगवलेला असताना उजेड चार स्टॉप कमी. वेग येतो पंचविसाव्या सेकंदावर. होडी हलतेय, लेन्स हातात, पक्षी पंख मारतोय. काहीही उमटत नाही. म्हणजे सूर्य चांगला हातभर वर येईस्तोवर थांबणं आलं. आणि सूर्य वर आला, चिखल तापला, की साडेनऊनंतर पाण्यावरची हवा लहरू लागते. डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही. लांबच्या लेन्समधून पक्ष्याची मान वितळल्यासारखी दिसते, पायांचे तुकडे होतात. ही लहर लेन्सची किंमत विचारत नाही; आजही लाखो रुपयांच्या लेन्स घेऊन लोक अकरा वाजता फोटो काढतात आणि घरी जाऊन फोकस बिघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवतात. आमच्या वाट्याला फिल्मला पुरेसा उजेड आणि हवेला न सोसणारं ऊन यांच्यामधला तास-सव्वा तास यायचा. त्यात मळभ आलं तर तोही गेला.

दुसरी अडचण पांढऱ्याची. लांबून गुलाबी वाटणारा थवा जवळून बराचसा पांढरा असतो. लाल आणि काळं पंखांच्या आत दडलेलं, उडाल्यावर दिसणारं. कॅमेऱ्यातलं मीटर सगळ्या जगाला करडं समजतं. गडद पाण्यावर रोहित असला की ते पाणी बघून फसतं, जास्त उजेड घेतं आणि पक्षी कोऱ्या कागदासारखा जळतो. उजळ आभाळावर असला की उलट, पक्षी मळका. ट्रान्सपरन्सीत अर्ध्या स्टॉपची चूक खपत नाही आणि धुऊन येईपर्यंत कळत नाही. यावरही उपाय वडिलांचा. पक्ष्यावर पडलंय तेच ऊन आपल्या तळहातावर घ्यायचं, मीटर तळहातावर मारायचं आणि तिथून एक स्टॉप उघडायचा. मग पाणी काळं असो की आभाळ पांढरं, आकडा बदलायचा नाही. ढग आला तरच पुन्हा तळहात. नवरीच्या शालूसाठी त्यांनी बसवलेली ही युक्ती होती.

माझे त्या काळातले बरेच फोटो आज स्पर्धेत कोणी उभेही करणार नाही. पक्षी लहान आणि पाणी भरपूर. पण त्यांत पाणी आहे, काठ आहे, वेडी बाभूळ आहे, मोटारींच्या पाइपांची रांग आहे. लेन्सची लांबी नव्हती म्हणून सगळा मुलूख आपोआप आत यायचा. पुढे १९९० मध्ये फुजीची वेल्व्हिया आली, तीही पन्नासचीच, पण रंग असे की आभाळाला आपल्यावर उपकार केल्यासारखं वाटावं. पुण्या-मुंबईचे लोक स्लाइड दाखवायला प्रोजेक्टर घेऊन फिरू लागले. मग २००४ च्या सुमारास निकॉन डी-७० सारखे डिजिटल कॅमेरे हौशी माणसाच्या आवाक्यात आले, २०१५ ला निकॉनची २००-५०० लेन्स आली, २०२० नंतर पक्ष्याचा डोळा आपणहून पकडणारे कॅमेरे. सहा हजार चारशे आयएसओवर सूर्य उगवायच्या आधी उडता पक्षी मिळू लागला. जे दार आमच्यासाठी सव्वाआठला उघडायचं ते आता पहाटे उघडतं. फायदा खराच. तोटा इतकाच, की फ्रेममधून मुलूख गेला. आता डोळ्यातला सूर्याचा ठिपका दिसतो आणि पक्षी कुठे उभा आहे ते दिसत नाही.

या सगळ्या बदलात खरी कमाई कोणी केली असेल तर ती कुंभारगाव, डिकसळच्या नावाड्यांनी. मासेमारी धरणाबरोबर आली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातलेही काही पुढे जाळी घेऊन पाण्यात उतरले. भिगवणचा मासळी बाजार त्यातूनच वाढला. पुढे चिलापीनं इतर माशांना मागे सारलं, ती वेगळीच कथा. पुण्याचे हौशी लोक यायला लागले तेव्हा सुरुवातीला नावाड्याला काम एवढंच होतं, की माणूस पक्ष्यांपर्यंत न्यायचा आणि आणायचा. हळूहळू त्यांनी फोटोचं गणित उचललं. कोणत्याही वर्गात न जाता.

मी ज्यांच्या होडीत जास्त बसलो त्या तात्यांचं उदाहरण सांगतो. पत्र्याची होडी, इंजिन लांबच बंद करायचं, पुढे बांबूनं ढकलत जायचं. पक्षी दिसला की मी पुढे चला म्हणायचो आणि तात्या होडी उलटीच वळवायचे.

"तात्या, पक्षी तिकडं आहे."

"पक्षी तिकडं हाय, पर वारं कुठलं हाय? थांबा जरा. ऊन आन् वारं दोनी पाठीशी येऊ द्या."

रोहित जड पक्षी. उडताना तो पाण्यावर धावत जातो आणि वाऱ्याच्या तोंडाला उठतो. थंडीत सकाळी वारं उगवतीचं असलं तर होडी थव्याच्या पूर्वेला ठेवायची. सूर्य पाठीशी, वारा पाठीशी, आणि थवा उठला तर आपल्या अंगावर येणार, छातीवर ऊन घेऊन. उन्हाळा लागला की दुपारनंतर वारं मावळतीचं होतं; मग होडी पश्चिमेला. वाऱ्याची आणि उन्हाची दिशा जमत नसेल तर तात्या स्पष्ट सांगायचे की आज बसलेले काढा, उडते मिळायचे नाहीत. आणि थवा उठेपर्यंत बसून राहायचं, उठवायचा नाही. खायला आलेला पक्षी उठवला की त्याचं पोट मारलं, हे त्यांचं साधं म्हणणं होतं. पुढे गिऱ्हाइकं वाढली, "जरा उडवा ना" म्हणून हट्ट धरू लागली, जास्तीचे पैसे पुढे करू लागली, आणि काही होड्या सरळ थव्यात घुसू लागल्या. कुरवांना फरसाण टाकून होडीभोवती गोळा करायचा प्रकारही त्याच वेळचा. शेव खाणाऱ्या कुरवाचा फोटो मला आजतागायत कळलेला नाही.

तात्यांकडून मी हवामानही शिकलो. जानेवारीत पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पहाटे पाण्यावर वाफ तरंगते. सूर्य त्या वाफेच्या मागून आला की पक्षी नुसत्या कडांनी उजळतात. हा उजेड वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मार्चनंतर धुरळा. आभाळ पांढुरकं, लांबचा काठ नाहीसा, रंग बसलेले; अशा दिवशी मी रंगीत फिल्म काढतच नसे, इंदू लावायचो. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव. पूर्वेला काळं उभं राहतं, त्याच्यावर मावळतीचं तिरपं ऊन पडलेले पांढरे रोहित, यासारखा फोटो साऱ्या वर्षात नाही. पण तो होडीतून काढायचा नसतो. काळं दिसलं की तात्या काठाला वळायचे, कोणी कितीही विनवलं तरी. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी अशाच अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते फोटो काढायला निघालेले नव्हते. धरणानं मध्ये आणून ठेवलेलं पाणी ओलांडून पलीकडच्या गावी चालले होते.

त्याच उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे साठ टक्क्यांवर गेली. २०१३ च्या दुष्काळातही पाणी असंच तळाला गेलं होतं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ, ज्याचं एरवी शिखर तेवढं दिसतं, ते पायापर्यंत उघडं पडलं. कोरीव खांब, वीरगळ, भोवतीचे चिरे, सगळ्यावर गाळाचा कोरडा थर. गाड्यांच्या रांगा लागल्या. पक्ष्यांचे फोटोवाले वैतागले, कारण गर्दीनं पक्षी लांब गेले. मला ती गर्दी आवडली. सत्तरीच्या बायका नातवंडांना हाताला धरून जोत्याजोत्यांवरून नेत होत्या, इथं न्हाणी, इथं उखळ, इथं गोठा. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "इथं हुबी ऱ्हाते, फोटू काढता का?" सकाळची वेळ होती, जोतं पूर्वेच्या तोंडाचं. मी तिला कडेला घेतलं.

रोहित पाहायला निघालेल्या माणसाला हे काही माहीत नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. माझ्या निगेटिव्हच्या पाकिटांवर तारीख, फिल्म आणि पाण्याची टक्केवारी लिहिलेली आहेच. त्याखाली तात्यांनी सांगितलेली जागा. ती जागा कोणत्याही नकाशात सापडायची नाही. पाण्याच्या मधोमध होडी उभी असायची, चहूकडे पाणी, आणि तात्या सांगायचे: ही थोरली मळई. हे इनामाचं रान. इथं पांढरी संपून काळी लागते, म्हणून इथं गाळ मऊ, रोहित इथं येणारच. पाण्याखालच्या बांधांवरून ते पक्ष्यांचा ठाव काढत. पट्टकदंब कुठे उतरतील ते जुन्या हरभऱ्याच्या पट्टीवरून सांगत. तारुण्यात त्या रानात त्यांनी औत धरलेलं होतं.

आता होडी तात्यांचा नातू चालवतो. इंग्रजी नावं तोंडपाठ, मोबाइलवर जागा टिपलेल्या, गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याचं सेटिंगसुद्धा सांगतो, आणि बरोबर सांगतो. गेल्या हंगामात तात्याही आमच्याबरोबर बसले होते. पाणी बरंच उतरलेलं. जुन्या विहिरीची मोटवण वर आली होती आणि तिच्या दगडावर मासेमार गरुड चिलापी फाडत बसला होता. नातवानं इंजिन बंद केलं आणि आम्हाला सांगितलं, "सर, हा आपला ऑस्प्रे पॉइंट."

"पॉइंट कुठला?" तात्या म्हणाले. "मोटंची हीर हाय ती आपली. माझ्या बानं खणलीया."

"आज्जा, सरांना हीर न्हाय काढायची, ऑस्प्रे काढायचाय."

"मग हीर दिसू दे की मागं. ती काय फिलम खाती का?"